जिमखान्यातल्या ढाली, ब्लेझर, फोटो: भंगारात जाण्याआधी विद्यापीठाकडं कसे पोचवायचे?

जुना_गोलकीपर

मंडळी, कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण सगळीकडं हीच रड आहे. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी, टीम येणार म्हणून आमच्या जिमखान्याची मागची खोली रिकामी करायचं ठरलंय. आत फिरत्या ढाली, झोनलचे (कॉलेजांमधल्या विभागीय स्पर्धांचे) चषक, काचा तडकलेले ग्रुप फोटो, कॉलेजच्या बिल्ल्याचे ब्लेझर, क्रिकेटची स्कोअरबुकं, वादीनं आवळायचा जुना चामडी फुटबॉल, व्हीएचएस कॅसेटी आणि कागदांनी भरलेली एक लोखंडी ट्रंक आहे. यातलं बरंचसं निर्लेखनाच्या, म्हणजे बाद ठरवून दप्तरातून कमी करायच्या, यादीत गेलंय. निर्लेखन झालं की भंगारवाला येणार. लाकडी ढालींवरचे पितळी पत्रे उचकटून किलोवर मोजतात, लाकूड जळणात जातं. त्या पत्र्यांवर कप्तानांची नावं कोरलेली असतात, ती मोजणाऱ्याला दिसत नाहीत.

प्राचार्यांना भेटलो. माणूस चांगला आहे. म्हणाले, "मला ठेवायला जागा नाही. तुम्ही न्या, पण कागद करून न्या. उद्या ऑडिटला मी काय दाखवू?"

आम्हा माजी खेळाडूंचं म्हणणं असं की एकेका कॉलेजनं काचेचं कपाट करून भागणार नाही. प्राचार्य बदलला की कपाट हलतं. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात हस्तलिखितं आहेत, आवारात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. मग संलग्न कॉलेजांच्या खेळांसाठी एक अभिलेख दालन का नको? तसा अर्ज द्यायचा घाट घातलाय. अर्जात काय असावं, आणि तोवर या वस्तूंचं करायचं काय, एवढं सांगा.

कागदवाली

अभिलेखागारात नोकरी झाली आहे, म्हणून घाईघाईनं लिहितेय. काहीही पुसू नका, धुऊ नका आणि कृपा करून 'लावून' ठेवू नका. खोली आहे तशी आधी मोबाइलवर टिपा: प्रत्येक फळी, प्रत्येक भिंत, ट्रंक उघडल्यावर दिसणारा वरचा थर.

ट्रंकेतल्या कागदांचा क्रम फार बोलतो. निवड चाचणीच्या यादीमागं प्रवासभत्त्याचं बिल आणि त्याच्यामागं एक फोटो निघाला, तर तो फोटो कुठल्या दौऱ्यातला हे बिलच सांगतं. लोक उत्साहानं फोटो एकीकडं, बिलं एकीकडं करतात. मग फोटोतले अकरा जण कायमचे बेवारस होतात.

आणि सगळ्यात आधी डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, ताब्यात घ्या, निदान त्याची पानं तरी टिपून घ्या. सगळे कपाकडं बघतात. कप कधी आला, कुणाकडून आला, किती रुपयांचा, हे रजिस्टरातच असतं. कपावरचा क्रमांक आणि रजिस्टरातला क्रमांक जुळला की त्या वस्तूला जन्मदाखला मिळाला म्हणायचं.

पेठेतला

गोलकीपर भावा, काम चांगलं करायलायस, पण माझा एक वांधा हाय. फुटबॉलचं सामान विद्यापीठात कशाला? कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पोरगं कॉलेजकडनं झोनल खेळलं तरी शाहू स्टेडियमवर ते पेठेचंच. तालमीत कप ठेवला की येणारं-जाणारं प्रत्येक पोरगं बघतंय. विद्यापीठात कुलपात बसंल, आणि बघायचं म्हटलं तर तीन सह्या आणि ओळखपत्र.

जुना_गोलकीपर

पेठेतला, तालमीचे कप तालमीतच राहू देत, त्यांना कोण हात लावतोय? पण आमच्या टीममध्ये अर्धी पोरं वसतिगृहातली होती. कुणी गारगोटीचा, कुणी जतचा, कुणी वाईचा. त्यांना पेठ कुठली? त्यांचा खेळ नोंदवणारी एकच जागा होती, ती म्हणजे जिमखाना.

तीन सह्यांचं मात्र खरं आहे. अर्जात लिहितो: यादी सगळ्यांना खुली, आणि ठरल्या दिवशी वस्तू बघायला मिळाव्यात.

रंकाळाकर

कोल्हापुरात हा विषय निघाला की खाशाबा जाधव आलेच पाहिजेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटला कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आणि हेलसिंकीच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

माझा मुद्दा पदकाचा नाही. पदक दिसतं, चमकतं, त्याला वाली मिळतो. अशा गोष्टीत मला जास्त मोल वाटतं ते गहाणखताच्या कागदाचं, वर्गणीच्या पावत्यांचं, निवडीच्या वेळच्या पत्रव्यवहाराचं. एक कॉलेज एका पैलवानामागं कसं उभं राहिलं हे कांस्याच्या चकतीवर लिहिलेलं नसतं. तुमच्या ट्रंकेत प्रवासभत्त्याची बिलं निघाली तर हसू नका.

दुसरं नाव भाऊसाहेब निंबाळकरांचं. जन्म कोल्हापूरचा, १९१९. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला, आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला! प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे, पण निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. त्या दिवसाचं चित्रीकरण आपल्याकडं नाही, आपण सगळे ती खेळी आकड्यांतूनच ओळखतो. म्हणून स्कोअरबुक रद्दीत टाकताना हात थरथरला पाहिजे. कॉलेजच्या मॅचचं असलं तरी.

चांदीनगरी

माझं गाव चांदीकामाचं हुपरी, त्यामुळं कपांवर बोलायचा हक्क राखून आहे :)

कॉलेजचे बहुतेक 'चांदीचे' कप चांदीचे नसतात. उलटा करून तळ बघा. 'ईपीएनएस' असा शिक्का असेल तर आत जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, आणि वर चांदीचा पातळ मुलामा. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी शिपाईमामा चिंच-लिंबू किंवा पावडर लावून घासतात. प्रत्येक घासणीला मुलामा थोडा उतरतो. जिथं हात जास्त चालतो तिथं पिवळट धातू दिसायला लागतो, आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात. मी असा एक कप पाहिलाय, वर्ष वाचता येतं, पण कॉलेजचं नाव अंगठ्याखाली गेलेलं.

काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीची झालेली प्रक्रिया. त्यानं कप कुजत नाही. राहू दे काळा. फक्त मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ टिपा, उघड्या हातानं धरू नका, घामाचे ठसे धातूवर बसतात. आणि कपाशेजारी लोकरी ब्लेझर किंवा रबरी वस्तू ठेवू नका. लोकर आणि रबर दोन्हींतून गंधकाचा अंश सुटतो, बंद कपाटात कप झपाट्यानं काळा पडतो. तुमच्या खोलीत हे सगळं एकाच कपाटात आहे असा माझा अंदाज.

जुना_गोलकीपर

अंदाज बरोबर. ब्लेझर कपांवर पांघरूण म्हणून घातलेत.

मधली_फळी

माझ्याकडं युनिव्हर्सिटी कलरचा, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा, ब्लेझर आहे, हॉकीचा. आईनं इतकी वर्षं डांबराच्या गोळ्यांत ठेवला. बाहेरून झकास, आतून अस्तराशेजारी कसर लागून जाळी झालीय. देण्यालायक आहे का असला ब्लेझर?

आणि एक सांगते, पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही म्हणून. मुलींच्या टीमच्या फोटोखाली 'कु.' लावून माहेरचं नाव असतं. लग्नानंतर आडनाव बदललं, आमच्यातल्या काहींचं तर नावही बदललं. आमची सेंटर हाफ आज इचलकरंजीत यंत्रमागाचा व्यवसाय बघते. तिच्या सुनेला सांगितलं तर खरं वाटणार नाही की ही बाई ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला खेळून आलीय, कारण प्रमाणपत्रावरचं नाव घरात कुणाचंच नाही. तुमच्या यादीत दोन्ही नावांचे रकाने नसतील तर निम्म्या खेळाडू सापडणारच नाहीत. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नोंद जगानं ठेवली. आमची कोण ठेवणार?

कागदवाली

मधली फळी, दोन नावांचा मुद्दा अर्जात पहिल्या पानावर पाहिजे. आम्ही नोंद करताना 'स्पर्धेच्या वेळचं नाव' मुख्य धरतो आणि आजच्या नावावरून तिकडं बोट दाखवणारी नोंद जोडतो. टोपणनावही लिहावं. मैदानावर हाक त्याच नावानं मारली जायची, जुन्या माणसांना तेच आठवतं.

ब्लेझर नक्की द्या. रफू करू नका. जिवंत अळी असण्याची शंका असेल तर पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. नंतर खळ काढलेल्या धुतलेल्या मलमलीत आडवा ठेवा. हँगरवर जुन्या लोकरीचे खांदे ओघळतात. डांबराच्या गोळ्या बंद. त्या वासात काम करणाऱ्या माणसालाही त्रास होतो.

चामडी फुटबॉल: तेल लावू नका, हवा भरू नका. शिवण उसवते आणि आतला ब्लॅडर तुकडे होऊन पडतो. चपटा झाला असेल तर तोंडातून मऊ कागद हलक्या हातानं भरून जेवढा आकार येईल तेवढाच.

काचेला चिकटलेले फोटो ओढू नका, पापुद्रा काचेवर राहतो आणि चेहरे जातात. काचेसकट स्कॅन करा किंवा तिरप्या उजेडात टिपा. लॅमिनेशनचा विचारही नको.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मी फक्त पुराचं बोलणार. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा. धोक्याची पातळी ४३ आहे, म्हणजे हिशोब करा. आमच्या तळमजल्यात भावाच्या कबड्डीच्या फोटोंचा अल्बम होता. पाणी ओसरल्यावर अल्बम म्हणजे एक वीट झालेली. घरातल्यांनी गच्चीवर उन्हात टाकला, फोटो वळले आणि एकमेकांना घट्ट बसले ते कायमचे.

नंतर कळलं की करायचं उलटं. ओले आहेत तोवरच स्वच्छ गार पाण्यात सोडून एकेक अलगद सुटा करायचा, चेहरा वर करून सावलीत वाळवायचा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत घालून थेट फ्रीजर. अर्जात लिहा, दालन तळमजल्यावर नको. विद्यापीठ उंचावर आहे, पेठेतल्या भावाला चढ वाटला तरी मला त्या चढाचंच अप्रूप आहे.

पेठेतला

पुराचं पटलं. पेठेत पण पाणी येतंय काही ठिकाणी. कुलपाचं अजून पटलेलं न्हाई.

डाउनलोड_बहाद्दर

एवढा खटाटोप कशाला? स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, मोकळे व्हा. जागा लागत नाही, पूर नाही, कसर नाही.

रंकाळाकर

ड्राइव्ह कुणाच्या नावावर? माजी विद्यार्थी संघाच्या सेक्रेटरीच्या. तो पुढच्या वर्षी पासवर्ड विसरणार. आणि ढालीचं काय स्कॅन करणार, वजन?

कागदवाली

डाउनलोड बहाद्दरांचं अर्धं बरोबर आहे. स्कॅन हवंच, म्हणजे मूळ फोटो वारंवार हाताळावा लागत नाही. पण मूळ फेकायचं नाही. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख असते, तेही स्कॅन करा. ६०० डीपीआयला टिफ ठेवा, वाटायला जेपेग वेगळी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत अभिलेखाच्या कामाची नाही, ते चित्र दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

खरी घाई कॅसेटींची आहे. व्हीएचएस यंत्रं बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीनं २०१६ ला उत्पादन बंद केलं. आता चालू यंत्र मिळणं हीच अडचण. कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट यंत्रात घालू नका, यंत्राची हेडं खराब होतात आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते.

उजळाईवाडी_एक्स्प्रेस

मी कॉलेजात क्लार्क आहे (कुठल्या ते विचारू नका). प्राचार्य कागद मागतात यात गैर काही नाही. वस्तू डेड स्टॉकला आहे तोवर ती संस्थेची मालमत्ता आहे. माजी विद्यार्थी ती उचलून घरी नेऊ शकत नाहीत, चांगल्या हेतूनं सुद्धा. निर्लेखन करून भंगारात काढण्याऐवजी 'हस्तांतरण' असा ठराव करून घ्या. यादी जोडा, प्रत्येक वस्तूपुढं रजिस्टरचा क्रमांक. घेणाऱ्यानं पोच द्यायची. ऑडिटला एवढं पुरतं.

फोटो जोडा, नाहीतर 'चषक, १ नग' एवढंच लिहून आणतात आणि मग कुठला चषक यावर दोन तास जातात.

कागदवाली

उजळाईवाडींना धन्यवाद, हे आम्ही सांगितलं तर कुणी ऐकत नाही. त्यात भर: दान की ठेव, ते आधी ठरवा. दान म्हणजे मालकी विद्यापीठाची. ठेव म्हणजे मालकी तुमची, सांभाळ त्यांचा, आणि मुदत लिहिलेली. मुदत न लिहिलेली ठेव पुढं भांडण लावते, देणारा जातो आणि नातवंडं विचारायला येतात.

फोटोंच्या हक्काचंही बघा. कॉलेजनं स्टुडिओला पैसे देऊन ग्रुप फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर आपल्या कायद्यानं पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. वर्तमानपत्रात नोकरीला असलेल्या छायाचित्रकारानं काढलेल्याचं तसं नाही. प्रसिद्ध झालेल्या फोटोला पूर्वी पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असायचं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं झालं.

ट्रंकेत पात्रता अर्ज निघतील. त्यांवर जन्मतारखा, पत्ते, गुणपत्रिका, डॉक्टरी दाखले. ते जपायचे, पण नेटवर टाकायचे नाहीत.

आणि शिक्के नीट वाचा. शिवाजी विद्यापीठ सुरू झालं १८ नोव्हेंबर १९६२ ला. त्याआधीची प्रमाणपत्रं पुणे विद्यापीठाची निघतील, १९४९ च्या आधीची मुंबईची. उलट २००४ पर्यंतच्या झोनलच्या ढालींवर सोलापूरची कॉलेजंही दिसतील, कारण तेव्हा सोलापूर आपल्यातच होतं. 'ही आपली नाही' म्हणून बाजूला टाकू नका.

चांदीनगरी

सगळंच घ्यायचं का पण? अलीकडच्या प्लास्टिकच्या सोनेरी ट्रॉफ्या पोत्यानं असतात. त्या घेत बसलात तर खांडेकरांच्या दालनापर्यंत रांग लागेल.

रंकाळाकर

नकोत. पट्टीवरचा मजकूर टिपा आणि सोडून द्या.

मधली_फळी

असं कसं? आमच्या ज्युनियर मुलींना ढाली कुठं मिळाल्या? त्यांच्या वाट्याला प्लास्टिकच आलं. २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य आणलं, कांबळवाडीचा पोरगा. त्याच्या पिढीचं कॉलेजचं सगळं सामान प्लास्टिक, फ्लेक्स आणि मोबाइलमधलंच असणार. धातू बघून निवड केली तर आपला संग्रह जुन्या पुरुषांच्या क्रिकेटवर संपेल.

रंकाळाकर

बरं, प्रत्येक स्पर्धेची एक ट्रॉफी. याहून खाली येत नाही.

मधली_फळी

आणि मुलींची वेगळी एक. मग ठीक.

जुना_गोलकीपर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्राचार्यांशी बोललो. हस्तांतरणाच्या ठरावाला तयार आहेत, तोवर निर्लेखनाची यादी थांबवलीय. ब्लेझर कपांवरून काढले. खोलीची किल्ली महिनाअखेरपर्यंत आमच्याकडं.

या रविवारी सकाळी दहाला ग्रुप फोटोंची ओळख परेड ठेवतोय. मूळ फोटोंवर कुणी काही लिहायचं नाही. प्रत्येकाच्या मोठ्या झेरॉक्स काढल्यात, डोक्यांवर आकडे टाकलेत. आकड्यापुढं नाव, तेव्हाचं आणि आत्ताचं, टोपणनाव, खेळायची जागा. खात्री नसेल तर नावापुढं प्रश्नचिन्ह. दोघांचं जमलं नाही तर दोन्ही नावं लिहा, तिथं भांडायचं नाही. चहा आणि मिसळ माझ्याकडून, पण शेजारच्या खोलीत. तर्री आणि फोटो एका टेबलावर येणार नाहीत.

पेठेतला

येतो. आमच्या तालमीतले दोन जुने खेळाडू पण घिऊन येतो, एकाला पाठ आहेत सगळ्यांची नावं, बापाच्या नावासकट. पण त्या कागदात अजून एक रकाना काढ. 'तालीम किंवा गाव'. आणि तालमीला यादीची एक छापील प्रत.

जुना_गोलकीपर

रकाना काढला. प्रतीचं अर्जात लिहिलं, कलम सात.

पेठेतला

मिसळ कुठली आणणार ते पण लिही, न्हाईतर त्यावरनं राडा व्हायचा.